चौकटीत न मावणारे नाव : वारली चित्रकला, अनामिकतेची रीत आणि बाजार

सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली सूर्या नदी धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा ओलांडून सखल भागात उतरते, मासवणजवळून वाहते आणि पुढे वैतरणेस मिळते. पालघरच्या रेल्वे स्थानकाकडून मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील मनोरकडे जाणाऱ्या टापूतले मासवण हे गाव दोन निरनिराळ्या अर्थव्यवस्थांच्या मधोमध वसले आहे. एका बाजूस बोईसर–तारापूरचा पट्टा आहे, जेथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढच्या दशकांत औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. दुसऱ्या बाजूस विक्रमगड, जव्हार, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांचा डोंगराळ मुलूख आहे, जेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी आदी समाजांचे पाडे, म्हणजे मुख्य गावापासून सुट्या असलेल्या लहान वस्त्या, विखुरलेले आहेत. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाच्या प्रत्येक खोक्यावर उत्पादकाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. पाड्यावरच्या लग्नघरात भिंतीवर पांढऱ्या रेषांनी उभ्या राहणाऱ्या चित्रावर मात्र ते कोणाच्या हातचे आहे, याची खूण कोठेही नसते.

हे बिननावाचे चित्र गेल्या पन्नास वर्षांत एका व्यवसायाचा पाया बनले आणि देशोदेशीच्या संग्रहालयांपासून घरगुती चादरींपर्यंत जाऊन पोहोचले. व्यवसाय म्हटला की त्याची वाच्यता करणे आले, गिऱ्हाईक मिळवणे आले, आणि त्यासाठी नाव पुढे करणे आले. परंतु ज्या रीतीतून ही कला जन्मली, तिच्यात नाव पुढे करण्यास जागाच नव्हती. या दोहोंतील ओढाताण कशी झाली, तीत कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय हिरावले गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. चित्र जोवर समाजाच्या हातात होते तोवर त्याच्या कर्त्याचे अनाम राहणे ही त्या समाजाची शिस्त होती आणि तिच्यात सर्वांचे रक्षण होते; चित्र समाजाच्या हाताबाहेर गेल्यावर मात्र तेच अनामपण परक्याच्या फायद्याचे साधन ठरले, असे या इतिहासावरून दिसते.

चौकाची रीत

वारली लग्नविधीतील मध्यवर्ती चित्रास ‘चौक’ म्हणतात. चौक म्हणजे नक्षीदार किनारींनी बांधलेली चौकट असून तिच्या मधोमध पालघट ही सुफलनाची, म्हणजे धान्य आणि संतती यांच्या वाढीची देवता रेखाटलेली असते. जवळच दुसऱ्या लहान चौकटीत घोड्यावर स्वार असलेला पंचशिऱ्या हा रक्षक देव काढतात, आणि चौकटीच्या सभोवती झाडे, पशुपक्षी, नाचणारी माणसे व लग्नाची लगबग यांनी भिंत भरत जाते. भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांचा ताटवा उभारून त्यावर माती आणि शेण लिंपून केलेली असते. तिला गेरूचा लालसर हात दिला जातो, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग तयार होतो आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून किंवा चावून त्याचा कुंचला केला जातो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते, वर्तुळ जोडले की डोके होते, आणि एवढ्याच मोजक्या आकारांतून पेरणी, लावणी, मासेमारी, शिकार आणि तारप्याचा नाच उभा राहतो. तारपा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्यापासून केलेले लांब फुंकवाद्य होय, आणि ते वाजवणाऱ्याभोवती वळसे घेणारी नर्तकांची साखळी ही या चित्रकलेची बाहेरच्या जगाला सर्वाधिक परिचित झालेली आकृती आहे.

चौक काढण्याचा अधिकार ‘सवासिनीं’चा, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा विवाहित स्त्रियांचा असतो. लग्नाचे विधी ‘धवलेरी’ ही स्त्री पुरोहित चालवते आणि लग्नगीतेही तीच गाते. लग्नगीतांसाठी ‘धवळे’ हा शब्द मराठीत फार जुना असून तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबा यांची रचना याच नावाने ओळखली जाते, यावरून या विधीचा भाषिक धागा किती दूरवर जातो याची कल्पना येते. भगत, म्हणजे देवांशी संवाद साधणारा जाणता पुरुष, आपल्या जागी असतो. परंतु चित्र स्त्रियांचे आणि गाणेही स्त्रीचे, अशी या विधीतील कामाची वाटणी आहे. चौकाशिवाय लग्न पूर्ण होत नाही, आणि लग्नाशिवाय चौकाला प्रयोजन नाही.

अशा चित्रावर काढणारीने आपली खूण ठेवावी, ही कल्पना त्या विधीच्या अर्थाशीच विसंगत ठरते. चौक हे देवतेला दिलेले आसन आहे. तो पाहणाऱ्यांनी काढणारीची वाहवा करावी यासाठी नसून देवतेने तेथे येऊन बसावे यासाठी असतो. शिवाय तो अनेक हातांचा असतो, कारण एकीने किनार धरावी, दुसरीने झाड भरावे आणि तिसरीने नाचणाऱ्यांची रांग पुरी करावी, असे हे काम चालते. लग्न आटोपले की त्याचे काम संपते. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओलावते, नव्याने सारवली जाते आणि चित्र मातीत मिसळून जाते. जे टिकवण्यासाठी केलेलेच नाही त्यावर मालकी सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. याचा अर्थ कौशल्याची कदर नव्हती असा मात्र होत नाही. एखादीचा हात सुबक असेल तर ती गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत आपोआप पसरते, आणि दुसऱ्या घरच्या लग्नात तिला आवर्जून बोलावले जाते. कीर्ती असते, पण ती दुसऱ्यांच्या तोंडून फिरते. स्वतःच्या तोंडून ती सांगण्याची सोय रीतीने ठेवलेली नसते.

आत्मस्तुतीला मर्यादा घालणाऱ्या इतर व्यवस्था

अशी मर्यादा केवळ वारली समाजातच होती असे नाही. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणांच्या समासात स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याची गणना मूर्खांत केली आहे, आणि मराठी समाजाच्या नीतिकल्पनेत ही गोष्ट खोलवर रुजलेली आहे. नीतीपलीकडे जाऊन पाहिले तर तिला आर्थिक आधारही होता. देशावरच्या गावगाड्यात, ज्याचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात केले आहे, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आदी बलुतेदारांचे काम वतनी असे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला कामाचा हक्क आणि बलुते म्हणजे त्या कामाबद्दल सुगीच्या वेळी मिळणारा धान्याचा वाटा. ज्याचे गिऱ्हाईक जन्मतःच ठरलेले आहे आणि ज्याच्या गिऱ्हाइकावर दुसऱ्याने हात घालणे हा वतनाचा भंग समजला जातो, त्याला आपल्या कामाचा डांगोरा पिटण्याची गरज नसते आणि मुभाही नसते. दवंडी, म्हणजे वाद्य वाजवून केलेली जाहीर सूचना, ही गावाच्या कामासाठी होती. एकट्याच्या धंद्यासाठी नव्हती.

युरोपातील कारागीर संघांतही असेच नियम आढळतात. पॅरिस शहराच्या व्यवसायांचे नियम तेराव्या शतकात एत्येन ब्वालो यांच्या देखरेखीखाली एकत्र लिहिले गेले, त्यांत शिजवलेले अन्न विकणाऱ्यांना असे बंधन होते की शेजाऱ्याच्या दुकानापुढे उभे असलेले गिऱ्हाईक तेथून स्वतःहून निघेपर्यंत त्याला हाक मारून बोलावू नये. या सर्व व्यवस्थांमागील विचार एकच दिसतो: व्यवसाय हा समाजाच्या विश्वासावर चालतो, आणि एकाने आरडाओरडा करून तो विश्वास आपल्याकडे ओढला तर सर्वांचाच तोटा होतो. मात्र वतनाने आणि संघाने कारागिराला गप्प राहण्यास सांगताना त्याच्या पोटाची हमीही घेतली होती, ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील काळात वारली चित्रकारांना गप्प राहण्याची सवय तर मिळाली, परंतु ती हमी मिळाली नाही.

कागदावरच्या नावाचा पूर्वानुभव

उत्तर कोकणातील आदिवासींना लिखित नावाची ओळख कलेच्या निमित्ताने झाली नव्हती, तर कर्जाच्या निमित्ताने झाली होती. ब्रिटिश अमदानीत ठाणे जिल्ह्यातील जंगलजमिनी हळूहळू सावकार आणि जमीनदार यांच्या ताब्यात गेल्या, आणि ज्यांनी ती जमीन कसली होती तेच त्यांचे कूळ व वेठबिगार झाले; वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेले काम. त्यातील अत्यंत कठोर प्रकार ‘लग्नगडी’ हा होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेणारा तरुण त्या कर्जाच्या फेडीसाठी सावकाराच्या घरी राबत असे, त्याची पत्नीही त्याच राबणुकीत ओढली जाई, आणि हिशेब सावकाराच्या वहीत असल्यामुळे फेड कधी पूर्ण झाली याचा निकाल सावकारच देत असे.

या ठिकाणी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. एकाच लग्नाच्या निमित्ताने दोन खुणा उमटत होत्या: एक घराच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाची, बिननावाची आणि पावसात विरून जाणारी, दुसरी सावकाराच्या कागदावर, शाईच्या अंगठ्याची, नावानिशी आणि पिढ्यान्‌पिढ्या न पुसणारी. पहिलीने माणूस आपल्या गोतात आणि देवतेच्या छायेत येत होता, तर दुसरीने तो बांधला जात होता. ज्या समाजाने आपले नाव कागदावर येण्याचा असा अर्थ अनुभवला होता, त्याने आपल्या सर्वांत पवित्र चित्राला नावापासून दूर ठेवले असल्यास ते केवळ साधेपणाचे लक्षण मानता येत नाही.

या बंधनांविरुद्धचा उठाव १९४५ मध्ये झाला. त्या वर्षाच्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव, डहाणू आणि तलासरीच्या परिसरात वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढण्याची चळवळ पसरली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलासरीच्या परिसरात जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. या लढ्याचा इतिहास गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवला, आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. याच १९४५ मध्ये के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा समाजवर्णनपर ग्रंथही प्रकाशित झाला. अशा रीतीने वारली माणूस बाहेरच्या जगाच्या नजरेस आला तो आधी अभ्यासाचा विषय आणि लढणारा शेतमजूर म्हणून. चित्रकार म्हणून त्याची ओळख होण्यास आणखी तीन दशके जायची होती.

भिंतीवरून कागदावर

या बदलाची पूर्वतयारी बिहारमध्ये झाली. १९६६–६७ च्या दुष्काळात मिथिला प्रदेशातील स्त्रियांना उत्पन्नाचे साधन मिळावे, या हेतूने पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने कलावंत भास्कर कुलकर्णी यांना तेथे पाठवण्यात आले, आणि त्यांनी लग्नप्रसंगी भिंतीवर काढली जाणारी चित्रे कागदावर उतरवण्यास स्त्रियांना प्रवृत्त केले. कुलकर्णी हे विणकर सेवा केंद्राशी, म्हणजे हातमाग कारागिरांना नवी संकल्पने पुरवण्यासाठी स्थापन झालेल्या सरकारी संस्थेशी संबंधित होते. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी हाच प्रयोग त्यांनी डहाणू तालुक्यातील वारली पाड्यांवर केला आणि पाड्यापाड्यांतून कागद व रंग वाटले.

येथे एक अनपेक्षित वळण आले. चौक हा सवासिनींचा प्रांत असला, तरी ज्या चित्रकाराने कुलकर्णींचे लक्ष वेधले तो पुरुष होता. गंजाड येथील कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हशे लहानपणापासून जमिनीवर व भिंतींवर चित्रे काढत असत, आणि विधीशी न जोडलेली, निव्वळ पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टी सांगणारी चित्रे हा त्यांचा छंद होता. विधीतील चौक स्थिर असतो, कारण देवतेचे आसन हलून चालत नाही; म्हशे यांच्या कागदावर मात्र सगळे काही हलत होते: मासेमारीचे जाळे चित्रभर पसरत होते, मुंग्यांच्या रांगा वारुळातून निघत होत्या, आणि लोककथेतील पात्रे चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करत होती. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली आणि १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिस येथे जगाच्या सर्व खंडांतील कलावंतांना एकाच पंक्तीत बसवणारे जे गाजलेले प्रदर्शन भरले त्यात त्यांची चित्रे होती. २००९ मध्ये त्यांना नेदरलँड्समधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या वाटचालीतील एक गोष्ट लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. म्हशे यांना आपली वाखाणणी स्वतः करावी लागली नाही. त्यांच्या वतीने कलादालन बोलले, सरकारी मंडळ बोलले, पुरस्काराचे मानपत्र बोलले. चांगल्या हाताची कीर्ती दुसऱ्याने सांगावी, ही जी जुनी सोयऱ्याधायऱ्यांची रीत होती, तिचेच हे मोठे रूप होते. फरक इतकाच की सोयऱ्यांच्या जागी आता संस्था आल्या. म्हशे यांनी मिळवलेले नाव त्यांच्या एकट्याचेही राहिले नाही. त्यांची मुले आणि गावातील इतर तरुण चित्रकार झाले, गंजाड आणि आसपासच्या पाड्यांत चित्रकला हा उपजीविकेचा मार्ग बनला, आणि जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयासारख्या दूरच्या संस्थांनी मिथिला चित्रकारांप्रमाणेच वारली चित्रकारांनाही वास्तव्यासाठी बोलावले. एका माणसाच्या नावाने पूर्ण समाजाच्या कामासाठी दार उघडले जावे, हे व्यवसायवृद्धीचे असे उदाहरण आहे की ज्यात समाजाची मर्यादा ओलांडली गेली नाही, उलट ती विस्तारली.

तथापि दार उघडताना ज्या आत राहून गेल्या, त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. भिंतीवरचे चित्र कागदावर येताच ते विकाऊ झाले, विकाऊ झालेला माल शहरात नेणे आले, आणि प्रवास, बोलणी व पैशाचा व्यवहार हे पुरुषांचे काम समजले जात असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जे स्त्रियांचे होते ते थोड्याच काळात बहुतांशी पुरुषांचे झाले. विधीत ज्यांचे नाव नव्हते त्यांचे नाव बाजारातही आले नाही. फक्त विधीत त्यांच्यासाठी राखलेले मानाचे स्थान होते, बाजारात तेही नव्हते. कुसुम खरपडे आणि रीना उंबरसाडा यांच्यासारख्या चित्रकार स्त्रियांनी नंतरच्या काळात आपले स्थान निर्माण केले, आणि तारा बुक्स या चेन्नईच्या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये काढलेल्या ‘डू!’ या मुलांच्या पुस्तकावर रमेश हेंगाडी व शांताराम धडपे यांच्याबरोबर रसिका हेंगाडी आणि कुसुम धडपे यांचीही नावे छापली गेली. अशी उदाहरणे मोलाची आहेत, परंतु ज्या कलेचा उगमच सवासिनींच्या हातातून झाला, तिच्यात ती अपवाद म्हणून सांगावी लागतात.

अनामपण परक्यांच्या हाती

१९८० नंतरच्या काळात वारली आकृती चित्राच्या चौकटीतून सुटून वस्तूंवर आल्या. मातीची भांडी, कपबशा, साड्या, झोळ्या, शुभेच्छापत्रे, उपाहारगृहांच्या भिंती आणि जाहिरातींची चित्रे यांवर दोन त्रिकोणांची माणसे नाचू लागली. त्या आकृतींचा साधेपणा हे या प्रसाराचे कारण होते, कारण ज्याने कधी पाड्यावर पाऊल ठेवले नाही त्यालाही त्या दिवसभरात गिरवता येतात, आणि छपाईच्या यंत्राला तर त्या आणखी सोप्या जातात. या वस्तूंवर छापणाऱ्याचे नाव असते, विकणाऱ्याचे असते, कापडाच्या गिरणीचे असते. चित्र ज्यांच्याकडून आले त्यांचे मात्र नसते, आणि त्याचे समर्थन म्हणून असे सांगितले जाते की ही लोककला असून लोककलेला कर्ता नसतो.

हा युक्तिवाद रीतीचा अर्थ उलटा करतो. चौकावर नाव नव्हते ते त्याला कोणी कर्ता नव्हता म्हणून नव्हे. कर्त्या सर्वांना ठाऊक होत्या, त्या एकाच पाड्यातल्या, एकाच गोतातल्या होत्या, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीला पाटी लावावी लागत नाही. अनामपण हे ओळखीच्या वर्तुळातले अनामपण होते. वर्तुळाबाहेर गेल्यावर ते अनोळखीपण बनले, आणि अनोळखी माणसाची वस्तू बेवारस समजून उचलण्यास बाजाराला संकोच वाटत नाही.

कायद्याची मदत येथे अपुरी पडते. प्रतिमुद्राधिकार, म्हणजे कलाकृतीची नक्कल करण्यावरचा हक्क, भारतात १९५७ च्या अधिनियमाने संरक्षित आहे, आणि त्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा विशेष हक्कही दिला आहे. परंतु हा हक्क एका विशिष्ट कृतीच्या विशिष्ट कर्त्याला मिळतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या अनेकींनी घडवलेल्या शैलीला तो लागू पडत नाही. अनामपण टिकवण्यास कायद्यापलीकडचाही आधार लागतो, हे जपानच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९२० च्या दशकात यानागी सोएत्सु यांनी अनाम कारागिराच्या सौंदर्याचा पुरस्कार करणारी लोकहस्तकलेची चळवळ सुरू केली, आणि तिच्यातील थोर कुंभार हामादा शोजी यांनी आपल्या भांड्यांवर सही करणे सोडून दिले होते. त्यांची भांडी ओळखणारे रसिक, संग्रहालये आणि १९५५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरव करणारे शासन त्यांच्या मागे उभे होते. म्हणून सही न करणे ही त्यांच्यासाठी निवड होती. ज्याच्या मागे असे काही उभे नाही, त्याच्यासाठी तीच गोष्ट नुकसान ठरते.

एकट्याचे नसलेले नाव

या कोंडीतून काढलेला मार्ग सामूहिक नावाचा होता. वस्तूंचे भौगोलिक मानांकन या विषयावरचा अधिनियम भारतात १९९९ मध्ये संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. भौगोलिक मानांकन म्हणजे ज्या वस्तूचा दर्जा, लौकिक किंवा वैशिष्ट्य तिच्या मूळ स्थळाशी निगडित आहे, तिच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण होय. २००४ मध्ये दार्जिलिंगच्या चहाला ते देशात प्रथम मिळाले. आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून वारली चित्रकलेला ते २०१४ मध्ये मिळाले, आणि त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

हा कायदा बारकाईने पाहिला तर त्याची ठेवण जुन्या रीतीशी जुळणारी दिसते. व्यापारचिन्ह एका मालकाचे असते, ते विकता येते, भाड्याने देता येते. भौगोलिक मानांकनासाठी मात्र उत्पादकांची संघटना किंवा त्यांचे प्रतिनिधित्व करणारी संस्थाच अर्ज करू शकते, आणि नोंदणीनंतर ते नाव कोणाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. कोणीही एक चित्रकार ‘वारली’ हे नाव आपल्या एकट्याचे आहे असे म्हणू शकत नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घ्यावी लागते, आणि नोंदवलेल्या वर्णनाप्रमाणे काम केले तरच त्या नावाखाली विक्री करता येते. नाव सर्वांचे, वापर नियमाने, आणि कीर्तीचा लाभ वाटून घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. तिची मर्यादाही स्पष्ट आहे: ती नावाचे रक्षण करते, आकृतीचे करत नाही. दोन त्रिकोणांची माणसे छापून त्यांना ‘आदिवासी नक्षी’ असे मोघम नाव देणाऱ्याला या कायद्याने अडवता येत नाही, आणि प्रत्येक मानांकन दहा वर्षांनी नूतनीकरण करून जिवंत ठेवावे लागते, हे वेगळेच.

या मार्गाचा उपयोग पालघर जिल्ह्याने चित्रकलेपुरता मर्यादित ठेवला नाही. डहाणू–घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम तांदूळ आणि पालघर तालुक्यातीलच बहाडोलीचे जांभूळ यांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बहाडोलीच्या बागायतदारासाठी याचा व्यवहारातील अर्थ असा की आपल्या एका बागेचे गुणगान करण्यापेक्षा गावाचे नाव राखणे अधिक फायद्याचे आहे, कारण गावाच्या नावाने आलेले गिऱ्हाईक सर्वांचे असते, आणि एकाने हलके फळ त्या नावाखाली विकले तर तोटाही सर्वांना होतो. येथे स्वतःची प्रसिद्धी करण्यावरचे बंधन आणि व्यवसायाची प्रसिद्धी यांत विरोध उरत नाही. पहिले दुसऱ्याचे साधन बनते. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत २०२५ मध्ये जे घडले त्यातूनही हेच दिसले: इटलीतील एका बड्या नाममुद्रेने तशाच घडणीच्या चपला मूळ स्थळाचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा जाब विचारणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिरांना कोल्हापूरच्या नावाच्या आधीच झालेल्या कायदेशीर नोंदणीचा आधार मिळाला.

मासवणच्या परिसरात आज कुडाच्या भिंती कमी होत चालल्या आहेत. बोईसरच्या कारखान्यांतील रोजगाराने आणि सरकारी घरकुल योजनांनी विटा आणि सिमेंटची घरे उभी केली, आणि लग्नाचा चौक जेथे निघतो तेथे तो आता अशाही भिंतीवर निघतो, जी पावसात विरघळत नाही. चित्र पुसले जाणार नसेल तर त्याच्या कर्त्याचा प्रश्नही पुसला जात नाही, आणि म्हणून जुन्या रीतीचा नुसता पुनरुच्चार आता पुरेसा नाही. घरातल्या चौकावर सवासिनीने नाव घालू नये, कारण तेथे ते देवतेसमोर आणि गोतासमोर असते, आणि गोताला ते ठाऊक असते. बाजारात जाणाऱ्या चित्रावर मात्र दोन्ही नावे असली पाहिजेत: समाजाचे, कारण शैली त्याची आहे, आणि जिच्या किंवा ज्याच्या हातून ते उतरले त्या व्यक्तीचेही, कारण तेथे पाहणाऱ्याला दुसरे कोणी सांगणारे नसते. नाव लिहिणे ही तेथे आत्मस्तुती ठरत नाही. ज्या समाजाने एके काळी आपले नाव फक्त सावकाराच्या वहीत पाहिले, त्याने ते आपल्याच चित्राखाली, आपल्याच अक्षरात आणि कोणाचे देणे न लागता लिहिणे, हे त्या वहीला दिलेले उत्तर आहे.